कासची राखण : डोंगरगावांच्या वनसमितीची वाटचाल

सातारा शहरातून यवतेश्वरचा घाट चढून पश्चिमेला निघालं की साधारण २५ किलोमीटरवर कासचं पठार लागतं. भाद्रपदात या जांभ्याच्या सड्यावर फुलं येतात आणि फुलांमागून माणसं येतात. त्या गर्दीत गळ्यात शिट्टी अडकवून, अंगावर रेनकोट चढवून एखादी बाई किंवा पोरगा उभा असतो आणि फुलांत पाय टाकू पाहणाऱ्याला मागे बोलावतो. तो बहुधा कास, कासाणी, आटाळी किंवा एकीव या गावांतला असतो. त्याला तिथे उभं करणारी संस्था म्हणजे या गावांच्या संयुक्त वनव्यवस्थापन समित्या आणि त्यांची मिळून झालेली कार्यकारी समिती. जमीन वनखात्याची आहे. राखण, तिकीट, वाहनतळ, वाट दाखवणं आणि कचरा उचलणं ही कामं गावांकडे आहेत.

महाराष्ट्रात अशा समित्या बारा हजारांहून जास्त आहेत. त्यांतल्या बहुतेकांचं अस्तित्व ठरावाच्या वहीपुरतं उरलं आहे. कासची समिती मात्र दरवर्षी हंगाम चालवते, माणसांना काम देते, पैसे मिळवते आणि पठार सांभाळते. म्हणून तिची वाटचाल नीट पाहायला हवी. सातारा-सांगलीच्या डोंगरपट्ट्यात जंगलावर आधारलेला गावाचा उद्योग उभा राहतो कसा आणि अडतो कुठे, हे तिच्यावरून स्पष्ट कळतं. माझ्या मते तो एकाच ठिकाणी अडतो. आपण गावाला राखणीचं काम दिलं, निर्णयाचा हक्क दिला नाही.

बिळाशीपासूनचा धागा

हा प्रश्न आजचा नाही. इंग्रजांच्या वनकायद्यांनी सह्याद्रीतली जंगलं राखीव झाली. ज्या रानातून गावाची गुरं चरायची, जळण यायचं, नांगराचं लाकूड यायचं, तिथे पाऊल टाकणं गुन्हा ठरला. १९३० मध्ये या रागाला वाट मिळाली. त्या वर्षीच्या जंगल सत्याग्रहात शिराळा भागातल्या बिळाशीच्या लोकांनी रानातून सागाचं झाड तोडून आणलं, त्याचाच खांब केला आणि गावात झेंडा उभारला. सरकारला ते बंडच वाटलं. पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. बिळाशी तेव्हा सातारा जिल्ह्यात होती. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. दोन्ही जिल्ह्यांचा जंगलाशी असलेला इतिहास असा एकाच मुळातून आला आहे.

स्वातंत्र्यानंतर कायद्याचा साचा फारसा बदलला नाही. १९२७ चा भारतीय वन कायदा कायम राहिला. कोयनेचं धरण झालं, त्याच्या शिवसागर जलाशयाखाली गावं गेली, वारणेवर चांदोलीचं धरण झालं. १९८५ मध्ये कोयना आणि चांदोली ही अभयारण्यं जाहीर झाली. आधी पाण्यासाठी आणि मग वन्यजीवांसाठी, अशी एकाच खोऱ्यातली गावं दोनदा विस्थापित होण्याची वेळ आली. पुढे २०१० मध्ये दोन्ही जंगलं मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. या काळात डोंगरातल्या माणसाच्या मनात वनखात्याबद्दल जी भीती आणि अढी बसली, ती कोणत्याही समितीला पहिल्या दिवसापासून वारशात मिळते.

समिती जन्मते ती शासन निर्णयातून

केंद्र सरकारने १ जून १९९० रोजी राज्यांना कळवलं की उजाड होत चाललेली जंगलं गावांच्या सहभागाने राखावीत आणि उत्पन्नात गावांना वाटा द्यावा. महाराष्ट्राने १६ मार्च १९९२ रोजी त्यासाठी शासन निर्णय काढला आणि संयुक्त वनव्यवस्थापन राज्यात आलं. पुढे २००३ मध्ये त्यात सुधारणा झाल्या. २००६-०७ पासून संत तुकाराम वनग्राम योजनेखाली चांगलं काम करणाऱ्या समित्यांना बक्षिसं मिळू लागली. तुकोबांचं नाव घेतलेल्या या योजनेने निदान एक गोष्ट केली : कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, वणवा विझवणं या कामांना गावात प्रतिष्ठा दिली.

या समितीची रचना समजून घ्यायला हवी, कारण पुढची बरीचशी गुंतागुंत तिथूनच येते. समिती ग्रामसभेतून निवडली जाते, अध्यक्ष गावचा असतो, स्त्रियांसाठी जागा राखीव असतात. सदस्य सचिव मात्र वनखात्याचा कर्मचारी असतो. बँकेतलं खातं दोघांच्या जोडसहीने चालतं. बैठकीचं इतिवृत्त, पावतीपुस्तकं, खर्चाची मंजुरी हे सगळं सचिवाच्या हातून जातं. या पदावर चांगला वनपाल आला की समिती धावते. त्याची बदली झाली आणि नव्याला रस नसला की बैठकाच लागत नाहीत. जिचा पाया शासन निर्णय आहे, ती संस्था दुसऱ्या शासन निर्णयाने बदलता येते. गावाने वर्षानुवर्षं केलेली राखण त्या कागदावर हक्क म्हणून कुठेच नोंदवलेली नसते.

पठारावरचा हंगाम

कासला गर्दी वाढू लागली ती वर्तमानपत्रांतल्या आणि मग मोबाइलवरच्या फोटोंनी. १ जुलै २०१२ रोजी रशियातल्या सेंट पीटर्सबर्ग इथे झालेल्या युनेस्कोच्या बैठकीत पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. महाराष्ट्रातली त्यांतली ठिकाणं चार : कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. त्यातही कासला पोचायला डांबरी रस्ता होता आणि पुणे-मुंबईहून शनिवार-रविवारी येऊन जाता येत होतं. एका हंगामात सड्यावर गाड्यांच्या रांगा लागल्या. लोक फुलांवर बसून जेवू लागले, फुलं खुडून केसांत माळू लागले.

कासचा सडा म्हणजे जांभ्या खडकावर पसरलेला मातीचा अगदी पातळ थर. पावसात त्यावर पाणी साचतं, उन्हाळ्यात तो तव्यासारखा तापतो. मातीत नत्र जवळजवळ नसतं. म्हणून सीतेची आसवं आणि गवती दवबिंदू यांसारख्या वनस्पती बारीक किडे पकडून पोट भरतात. गेंद, तेरडा, सोनकी, जांभळी मंजिरी, कवला, दीपकाडी असं एकामागून एक बहराचं चक्र चालतं. टोपली कारवी तर सात वर्षांतून एकदा फुलते. पाण्याच्या डबक्यात उगवणाऱ्या वायतुऱ्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे. साडेआठशेच्या आसपास सपुष्प वनस्पतींची नोंद झालेल्या या पठारावर माणसाच्या एका पावलाने माती दबते, पाण्याचा ओघ बदलतो आणि पुढच्या वर्षी त्या जागी फूल येत नाही. हजारो पावलांचं काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

समितीचं खरं काम इथून सुरू झालं. शुल्क लावलं. रोज ३००० पर्यटकांची मर्यादा ठरली आणि ऑनलाइन नोंदणी आली. गाड्या पठारावर न आणता कासाणीच्या बाजूला लावायच्या आणि पुढे बसने न्यायचं, अशी सोय झाली. फुलांमधून ठरावीक पायवाटा आखल्या. गावातल्या मुलांना वनस्पतींची नावं शिकवून गाइड केलं. सुरुवातीला नावं सांगताना अडखळणारी ही मुलं आता पर्यटकाला गेंदाच्या प्रजातींतला फरक दाखवतात. साताऱ्यातले डॉ. संदीप श्रोत्री यांच्यासारखे निसर्गप्रेमी आणि सड्यांचा अभ्यास करणाऱ्या डॉ. अपर्णा वाटवे यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी या पठाराबद्दल वर्षानुवर्षं लिहिलं, बोललं. त्यांच्या कामामुळे गावाला आपल्या रानाची किंमत नव्याने कळायला मदत झाली.

हंगाम संपला की पर्यटक जातात, समितीचं काम राहतं. दिवाळीनंतर गवत वाळतं आणि वणव्याचे दिवस जवळ येतात. वणवा लावला की पुढच्या पावसात गवत जोमाने येतं, हा समज सातारा-सांगलीच्या डोंगरांत अजून पक्का आहे. म्हणून उन्हाळ्याआधी जाळरेषा काढाव्या लागतात. रानाच्या कडेने ठरावीक रुंदीचा पट्टा आधीच जाळून किंवा खरवडून मोकळा करायचा, म्हणजे बाहेरून आलेली आग तिथे थांबते. वारा पडलेला असताना, बहुधा भल्या सकाळी, माणसं एका ओळीत उभी राहतात. एकजण गवताला काडी लावतो, बाकीचे ओल्या डहाळ्यांनी दोन्ही कडा झोडपत पुढे सरकतात. धुराने डोळे चुरचुरतात आणि एखादी ठिणगी उडाली की सगळे तिकडे धावतात. हे काम कुठल्याही फोटोत येत नाही. सप्टेंबरात फुलं दिसतात त्यामागे उन्हाळ्यातली ही राखण असते, आणि तिच्या मजुरीचा पैसा फुलांच्या तिकिटातून यावा लागतो.

कुंपण आणि गुरं

समितीच्या वाटचालीतला सगळ्यात शिकवणारा भाग कुंपणाचा आहे. गर्दी आवरायला पठाराला तारेचं कुंपण घातलं गेलं. पर्यटक थांबले, तशी गुरंही थांबली. कासच्या आसपासची गावं पिढ्यान्‌पिढ्या या सड्यावर गुरं चारत आली होती. गुरांनी उंच गवत खाल्लं की खालच्या बुटक्या फुलझाडांना उजेड मिळतो, शेणाने माती थोडी सुधारते, खुरांनी बी दबतं. कुंपणानंतर काही वर्षांतच फुलांचे गालिचे विरळ झाले आणि गवत वाढलं, असं गावकरी आणि काही अभ्यासक सांगू लागले. वन्यप्राण्यांच्या वाटाही अडल्या होत्या. वाद बरीच वर्षं चालला आणि अखेर ते कुंपण काढण्यात आलं.

गुराख्याला ठाऊक असलेली गोष्ट निर्णयाच्या टेबलावर पोचायला इतकी वर्षं लागली, कारण त्या टेबलावर गुराखी बसलेला नव्हता. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीने २०११ च्या अहवालात ग्रामसभांना निर्णयात आणा असा आग्रह धरला होता. कासच्या कुंपणाने तो आग्रह किती व्यवहारी होता ते दाखवून दिलं. चराई किती आणि केव्हा असावी, कुठला भाग कुठल्या वर्षी मोकळा ठेवावा, याचे नियम गावाने शास्त्रज्ञांबरोबर बसून ठरवले, तर खर्चही कमी आणि फुलंही जास्त.

सहा आठवड्यांच्या कमाईवर वर्ष

कासचा हंगाम ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, फार तर सहा-सात आठवडे. त्यातही खरी गर्दी शनिवार-रविवारी. पाऊस लांबला तर फुलं उशिरा येतात, धो-धो पडला तर गाड्या येत नाहीत, उघडीप लवकर मिळाली तर बहर आटोपतो. २०२० मध्ये कोरोनामुळे पर्यटन थांबलं आणि समितीचा हंगाम बुडाला. राखण मात्र त्या वर्षीही करावी लागली. वर्षभराचा खर्च आणि दीड महिन्याची कमाई, असं गणित असलेल्या संस्थेला गंगाजळी लागते. वाईट वर्षासाठी बाजूला ठेवलेला पैसा, उपकरणं, विमा आणि पगारी व्यवस्थापक लागतो. यातलं बरंचसं गावसमित्यांच्या आवाक्याबाहेर राहतं, कारण सगळी मिळकत त्या-त्या वर्षीच्या रोजंदारीत जाते.

ही रोजंदारीही वाटून घ्यायची असते. कुठल्या गावाची किती माणसं कामावर, रोज कोणाचा आणि किती, पठाराला लागून असलेल्या गावाला जास्त वाटा की सगळ्यांना सारखा, नव्याने सामील होऊ पाहणाऱ्या गावांना घ्यायचं की नाही, हे प्रश्न दर हंगामाआधी डोकं वर काढतात. याला मी भांडण म्हणणार नाही. जिथे मिळकत नसते तिथे वाटपाचा वादही नसतो. पण वाद सोडवायला नियम लिहिलेले हवेत आणि हिशेब गावसभेत उघड वाचलेला हवा. जिथे ते होत नाही, तिथे दोन-तीन वर्षांत समितीवर चार घरांचा कब्जा होतो आणि बाकीचं गाव पाठ फिरवतं. राज्यातल्या कित्येक समित्या अशाच संपल्या.

माणसांची अडचण आणखी मोठी. या डोंगरपट्ट्यातली तरणी माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला जात आली. जावळी, पाटण, महाबळेश्वरच्या खेड्यांतल्या घराघरांतून कोणी ना कोणी माथाडी म्हणून राबला आहे. गावात म्हातारी माणसं, बाया आणि शाळेतली पोरं उरतात. राखण बहुतांशी बायांच्या अंगावर पडते, पण बैठकीत बोलणारे बहुधा पुरुषच असतात. हंगामाच्या कमाईसाठी परत आलेला पोरगा हंगाम संपला की पुन्हा मुंबईची गाडी पकडतो. वर्षभराचं काम देता आलं, तरच तो थांबेल.

आणि समितीच्या फाटकाबाहेर जे घडतं, त्यावर तिचा काहीच अंमल नाही. सातारा-कास रस्त्याच्या दुतर्फा हॉटेलं आणि रिसॉर्टं उभी राहिली, त्यांतल्या अनधिकृत बांधकामांचा वाद वारंवार गाजला. गावाने फुलं राखली म्हणून पर्यटक आला. त्याचा मुक्काम, जेवण आणि चहा यांतला मोठा पैसा जमीन विकत घेऊ शकणाऱ्याच्या गल्ल्यात गेला. गावाच्या वाट्याला प्रवेशशुल्क आणि कचरा आला. पाटण तालुक्यातल्या वनकुसवड्याच्या पठारावर हेच वेगळ्या रूपात दिसतं. कासच्याच जातीच्या त्या सड्यावर पवनचक्क्यांची रांग उभी राहिली, वारा गावाचा आणि वीज कंपन्यांची. जमीन एकदा विकली की पठाराच्या पुढच्या कमाईत गावाला वाटा उरत नाही.

शेजारच्या वाटा

कासच्या उत्तरेला महाबळेश्वरात जंगलावरच्या उद्योगाची दुसरी परंपरा आहे. तिथल्या रानात सातेरी मधमाश्या पेट्यांमध्ये पाळण्याचं काम स्वातंत्र्याच्या आसपासच सुरू झालं. मधपाळांनी एकत्र येऊन मधोत्पादक सहकारी सोसायटी उभी केली. खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालयही महाबळेश्वरलाच आहे. जांभूळ, गेळा, हिरडा, पिसा आणि कारवी यांच्या फुलोऱ्यावर इथला मध अवलंबून असतो. कारवी फुलते त्या वर्षी पोळी भरभरून मिळतात आणि मग पुन्हा काही वर्षं वाट पाहावी लागते. १९९० च्या दशकात सातेरीच्या पिल्लांना मारणाऱ्या सॅकब्रूड रोगाने दक्षिण भारतातल्या वसाहती झपाट्याने संपवल्या, तेव्हा या धंद्याची नाजूक बाजू सगळ्यांना कळली. मे २०२२ मध्ये महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर हे मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. पेटी, प्रशिक्षण, खरेदी आणि विक्री यांची साखळी तिथे एकत्र बांधायचा प्रयत्न आहे.

सहकारी सोसायटीचा फायदा असा, की तिच्यामागे सहकार कायदा उभा आहे. तिची नोंदणी आहे, सभासदांचं भागभांडवल आहे, दरवर्षी लेखापरीक्षण होतं. वनसमितीजवळ यातलं फार थोडं आहे. पण सोसायटीला बाजाराशी एकटीने झुंजावं लागतं. बाटलीवर चकचकीत लेबल लावलेला भेसळीचा मध आणि रानातला जांभळाचा मध पर्यटकाला एकाच दुकानात दिसतात, आणि स्वस्ताकडे हात जातो.

सांगली जिल्ह्यात सागरेश्वरची कथा आहे. यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव देवराष्ट्रे ज्या डोंगराच्या पायथ्याशी आहे, तिथे उघड्याबोडक्या माळावर जंगल उभं करायचा ध्यास मोहित्यांचे वडगावच्या धों. म. मोहिते यांनी घेतला. लोकांना बरोबर घेऊन, झाडं लावून आणि राखून तिथे रान तयार झालं, हरणं आणली गेली. १९८५ मध्ये सुमारे १०.८७ चौरस किलोमीटरचं सागरेश्वर अभयारण्य झालं. माणसांनी लावलेलं अभयारण्य म्हणून त्याचं नाव आहे. पण अभयारण्य झालं आणि व्यवस्थापन खात्याकडे गेलं. कळप वाढले, रात्री ऊस, द्राक्ष, भाजीपाल्यात उतरू लागले, आणि ज्या शेतकऱ्यांच्या पिढीने झाडांना पाणी घातलं त्यांचीच मुलं भरपाईचे अर्ज घेऊन फिरू लागली. लोकांनी उभारलेल्या जंगलाला लोकांची संस्था मिळाली नाही, हे सागरेश्वरचं दुखणं आहे.

चांदोलीच्या बाजूला शिराळा तालुक्यातली मणदूर परिसरातली गावं आणि धनगरवाडे पर्यटनाच्या उंबरठ्यावर आहेत. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून व्याघ्र प्रकल्पाच्या कडेच्या गावांना गॅस, सौरदिवे आणि रोजगाराची कामं मिळतात. मदत उपयोगी आहे. पण ती वरून येते आणि निधी आटला की थांबते. गावाच्या मालकीचा उद्योग तिच्यातून आपोआप उभा राहत नाही.

हक्काचा कागद

आता मूळ मुद्द्याकडे. २००६ चा वनहक्क कायदा गावाला सामूहिक वनहक्क देतो. गौण वनउपजाची मालकी, ते विकण्याचा अधिकार, आणि जंगलाचं रक्षण व व्यवस्थापन करण्याचा अधिकार त्यात आहे. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये सुमारे १८०९ हेक्टर जंगलावर हा हक्क मिळवला. तरी स्वतःचा बांबू विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना खात्याच्याच हातात होता. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांनी मेंढ्यात जाऊन परवान्याची वही ग्रामसभेच्या हाती दिली. ते मुख्यमंत्री आमच्या कराडचे होते, याचा साताऱ्याला अभिमान वाटायला हवा. आणि त्यांच्याच जिल्ह्यातल्या डोंगरगावांना अशी वही का मिळाली नाही, हेही साताऱ्याने विचारायला हवं.

याची कारणं आहेत. सातारा आणि सांगलीत एकही अनुसूचित क्षेत्र नाही, त्यामुळे अशा क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा इथे लागू होत नाही. गवळी-धनगर, मराठा आणि इतर समाजांतली माणसं वनहक्क कायद्यात अन्य पारंपरिक वननिवासी ठरतात. त्यांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. ज्यांची गावं धरणाखाली गेली, ज्यांचे कागद दोनदा स्थलांतरात हरवले, त्यांना हे अवघड जातं. कायदा वृद्धांचे जबाब, जुनी गॅझेटियरं, खात्याचे जुने आराखडे आणि देवराया-स्मशानं यांसारख्या खुणाही पुरावा म्हणून मानतो, हे फार थोड्या ग्रामसभांना माहीत आहे. सांगायला कोणी जातही नाही.

हक्क मिळाला म्हणजे सगळं सुटलं असंही नाही. विदर्भातल्या ग्रामसभांना तेंदू आणि बांबू विकताना खेळतं भांडवल, लिलाव, ठेकेदारांची साखळी, हिशेब आणि कर यांच्याशी रोज झगडावं लागतं. पण तो झगडा त्यांचा स्वतःचा आहे, त्यातून त्या शिकतात. नेपाळने १९९३ च्या कायद्याने वनउपभोक्ता गटांना स्वतंत्र संस्थेचा दर्जा दिला. आज तिथे असे वीस हजारांहून जास्त गट स्वतःचे दर आणि नियम ठरवतात. सामाईक संपत्तीवरच्या कामासाठी २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचा निष्कर्षही हाच होता : वापरणाऱ्यांनीच नियम केले आणि राखणदार त्यांनाच उत्तरदायी असला, तर सामाईक रान टिकतं. कासला राखणदार आहेत. नियम करण्याचा अधिकार त्यांना मिळायचा आहे.

पुढची पावलं

वनखात्याची गरज संपली असं मी म्हणत नाही. शिकारी, वणवे, अतिक्रमण आणि बांधकामवाले यांच्यासमोर गाव एकटं टिकणार नाही. खात्याकडे कायद्याचं बळ आहे, शास्त्रीय माहिती आहे. पण सदस्य सचिवाने मार्गदर्शन करावं, सही अडवून ठेवू नये. समितीचा आराखडा ग्रामसभेत तयार व्हावा आणि खात्याने तो तपासावा. आज हा क्रम नेमका उलटा आहे.

कास परिसरातल्या ग्रामसभांनी सामूहिक वनहक्काचे दावे दाखल करावेत, आणि जिल्हा प्रशासनाने त्यांना पुरावे जमवायला माणूस द्यावा. समितीने दर हंगामानंतर जमा-खर्च गावच्या चावडीवर लावावा आणि मिळकतीतला ठरावीक भाग गंगाजळीत टाकावा. फुलांचा दीड महिना वर्षभर पुरणार नाही, म्हणून मध, करवंद-जांभळाची उत्पादनं, घरगुती मुक्काम आणि हंगामाबाहेरच्या निसर्गसहली यांची जोड हवी. हे सगळं करायला महाबळेश्वरच्या मधपाळांसारखी नोंदणीकृत सहकारी संस्था समितीच्या जोडीला उभी राहू शकते. रस्त्याच्या कडेच्या व्यवसायांकडून पठाराच्या राखणीसाठी वर्गणी घेण्याचा नियम जिल्हा पातळीवर व्हावा. आणि समितीच्या खुर्चीवर राखण करणाऱ्या बाया बसाव्यात.

वाचकांना एवढंच सांगणं आहे. पुढच्या भाद्रपदात कासला जाल तेव्हा नोंदणी करून जा, गावच्याच गाइडला बरोबर घ्या, जेवण गावातल्या घरी घ्या, मध सोसायटीचा घ्या. शिट्टी वाजली तर मागे या. ती वाजवणाऱ्याने उन्हाळ्यात हे पठार आगीपासून वाचवलेलं असतं. त्याला या पठाराच्या निर्णयात हक्काने बसवणं हे सरकारचं काम आहे, आणि सरकारला ते करायला लावणं आपलं.